शालिक भोयरच्या मिरच्या

नागपूरहून परतलो तेव्हा कारखान्याच्या वसाहतीत जो तो संत्र्यांचीच चौकशी करत होता. दोन करंड्या आणल्या होत्या, त्यांतली निम्मी मनमाडच्या अलीकडेच मऊ पडली. उरलेली वाटून टाकली. बहीण बरी आहे का, थंडी होती का, हेही विचारून झालं. ज्या कामासाठी मी गेलो होतो त्याबद्दल कुणी विचारलं नाही, कारण ते मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. ते आता लिहितो.

दहा वर्षांपूर्वी आमच्या साखर कारखान्याचा क्रिकेटचा संघ होता. जिल्ह्यातली ढाल एकदा तरी आपल्याकडे यावी म्हणून चेअरमनसाहेबांनी थेट नागपूर भागातून एक वेगवान गोलंदाज आणला. नाव शालिक भोयर. सहा फूट उंच, हात गुडघ्यापर्यंत, चेहरा मात्र लहान मुलासारखा. इंजिनिअरांसाठी बांधलेल्या घरांपैकी एक त्याला दिलं. नोकरी नावापुरती. कॅन्टीनमधून रोज दोन शेर दूध आणि सहा अंडी. त्याच कॅन्टीनच्या चहात आम्हा कारकुनांना दूध शोधावं लागे. एवढं करून शालिक दोन हंगामांत चार सामने खेळला. कधी घोटा, कधी खांदा, कधी कंबर. आम्ही सामना पाहायला सायकली हाणत आठ मैल जायचो, तर हा चिंचेखाली स्वेटर घालून, पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून बसलेला. लोकांना राग यायचा, आणि तो राग खोटा नव्हता.

मी तेव्हा काट्यावर होतो, म्हणजे उसाच्या गाड्यांचं वजन करतात तिथे कारकून. माझं अक्षर चांगलं. कॅन्टीनबाहेरच्या फळ्यावर त्या दिवशीची भाजी लिहीत. एका सकाळी भाजीच्या खाली मी खडूनं लिहिलं, ‘आजचा अवयव : घोटा’. लोक इतके हसले की दोघांचा चहा सांडला. मग मी रोज लिहू लागलो. चार महिने लिहिलं. शालिकला कामावर जाताना त्याच फळ्यासमोरून जावं लागे. लिहिणारा कोण हे कुणाला कळलं नाही. संशय स्वयंपाक्यावर आला, त्यानं बोलणी खाल्ली, आणि मी गप्प राहिलो. हंगाम संपण्याआधीच शालिक सामान बांधून निघून गेला.

गेल्या पावसाळ्यात माझाच गुडघा धरला. जिना उतरताना दर पायरीला तो फळा डोळ्यांपुढे येऊ लागला. आपण त्या माणसाला भेटून सांगावं, एवढंच मनात होतं. त्याच्यासाठी दीड दिवसाचा रेल्वेप्रवास.

नागपूर, गुरुवार

माझी धाकटी बहीण सुशीला लग्न होऊन नागपूरला गेली त्याला अठरा वर्षं झाली. सकाळी तिनं पोह्यांवर हरभऱ्याची लाल तर्री ओतली. पोह्यांवर रस्सा ओतायचा हा प्रकार आमच्याकडे कुणी केला तर त्याला आजारी समजतील. मी भीत भीत खाल्ला आणि दुसरी बशी मागून घेतली.

"दादा, तू काहून असा गप्प बसून राहिला?" सुशीला म्हणाली. साताऱ्याच्या मातीतल्या माझ्या बहिणीच्या तोंडून हे ऐकून मी चमकलो. तिला स्वतःला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

मी तिला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मग एकदम थांबली. "अरे, पत्र टाकायचं होतंस."

"फळ्यावर लिहायला हात उचलला गं. पत्राला उचलेना."

भाऊजींच्या ऑफिसातला एक शिपाई भिवापूरचा निघाला. संध्याकाळी ते त्याला घरीच घेऊन आले. "शालिक भोयर? बॉलर?" तो म्हणाला. "तो तं आमच्याच गावचा जी. आता तुमाले खाटेवर भेटन."

"का? आजारी आहे?"

"नाही जी. रविवारी मॅच हाय."

या उत्तराचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

छोटी लाईन, शुक्रवार

इतवारीहून भिवापूरला जाते ती छोटी लाईन. डबे इतके लहान की समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागतात. माझ्या दुखऱ्या गुडघ्यासमोर एक म्हातारी मिरचीचं रिकामं पोतं घडी करून मांडीवर घेऊन बसली होती. पोतं रिकामं असूनही तिनं ते झटकताच अख्खा डबा शिंकू लागला. तिला एकटीला काही झालं नाही.

कुहीला गाडी थांबली आणि ड्रायव्हर उतरून चहा प्यायला गेला. आमच्याकडे असं झालं असतं तर लोकांनी आरडाओरडा केला असता. इथे चार प्रवासी त्याच्या मागोमाग चहाला उतरले. मीही उतरलो. शेजारच्या माणसानं माझं बोलणं थोडा वेळ ऐकलं आणि प्रेमानं विचारलं, "तुमी रागावून राहिले का आमच्यावर?"

"नाही हो. आमच्याकडे असंच बोलतात."

"बरं झालं सांगतलं. मी उतरून दुसऱ्या डब्यात जात होतो."

कुहीच्या आसपास भाताची कापलेली खाचरं होती. पुढे जमीन काळी होत गेली आणि भिवापूर आलं ते आधी नाकाला कळलं. स्टेशनाबाहेर वाळत घातलेल्या मिरच्यांचं अंगणच्या अंगण पसरलेलं. आमच्याकडे गुऱ्हाळाच्या दिवसांत हवा गोड होते, इथे ती झोंबत होती. पण रंग! उन्हात ते लाल इतकं भडक होतं की काही वेळ मी नुसता उभा राहिलो.

भोयरांचं वावर विचारत गेलो. इकडे शेताला वावर म्हणतात. दोन एकर मिरची, तिच्यात दहा-बारा बाया वाकून तोडणी करत होत्या. बांधावर कडुनिंबाखाली खाट, खाटेवर शालिक. उशाशी दुधाचा पेला. केस विरळ झालेले, मान एका बाजूला कललेली. त्यानं मला पाहिलं आणि उठून बसला.

"काट्यावरचे कदमसाहेब! अरे बापा!"

त्यानं मला मिठी मारली, तीही वाकड्या मानेनं. दीड दिवस गाडीत घोकलेलं वाक्य बोलायला सवडच मिळाली नाही. तो बायांकडे वळून ओरडला, "येनुबाई, आला पाहा साक्षीदार! ज्या फॅक्टरीत मी होतो न, तिथलाच माणूस!"

ओळीतून एक पन्नाशीची बाई सरळ उभी राहिली. कोपरापर्यंत तेल चोपडलेलं, डोक्यावर पदराची चुंबळ. भिवापूरच्या संघाचा कप्तान हिचा मुलगा. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं आणि म्हणाली, "उद्या इचारतो यायले."

मग शालिकच्या बायकोनं, सिंधूताईंनी, मला सगळा प्रकार समजावून सांगितला. रविवारी उमरेडच्या संघाशी सामना. भिवापूरनं त्यांना कधी हरवलेलं नाही. एका वर्षी सामन्याच्या तोंडावर शालिकनं मिरचीचं पोतं उचललं आणि कंबर गेली. पुढच्या वर्षी तोडणीत बोट सुजलं. म्हणून यंदा क्लबनं ठराव केला की पंधरा दिवस शालिकनं कुठल्याच कामाला हात लावायचा नाही. त्याच्या मिरच्या, सामन्यानंतरही तोडणी संपेपर्यंत, खेळाडूंच्या घरच्या बायका पाळीपाळीनं तोडतील, दूध सगळे मिळून पुरवतील. ठराव करताना बायकांना कुणी विचारलं नव्हतं.

"अन् मान?" मी विचारलं.

उत्तर येनुबाईनं ओळीतूनच दिलं. "आमी याच्या मिरच्या तोडून राहिलो, हाताची आग आग होते, घरी लेकराले हात लावता येत नाही. अन् याची मान धरली म्हणे! कायनं? तं झोपून झोपून!"

सगळ्या ओळी हसल्या. शालिकही हसला, आणि मान दुखल्यामुळे मध्येच थांबला.

भिवापूर, शनिवार

रात्रीचं जेवण सिंधूताईंकडे झालं होतं. उपड्या मडक्यावर भाजलेली हातभर लांब पोळी आणि बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा. मी तांबड्या रश्श्यावर वाढलेला माणूस, पण त्या रश्श्यानं माझे कान गरम केले. जेवताना तीनदा बोलायचं ठरवलं आणि तीनदा पाणी प्यालो.

दुपारी बाया भाकरी सोडून निंबाखाली बसल्या. येनुबाईनं हात पुसले.

"हां जी, आता सांगा. हा म्हणते, तिकडे एका मॅचमध्ये यानं आठ गडी काढले. त्या आठ गड्यांवर आमच्या पोरायनं ठराव केला, अन् आमी बारा दिसांपासून वाकून राहिलो. खरं हाय का?"

"अन् खोटं असन तं?" एकीनं विचारलं.

"तं उद्यापासून ज्याच्या मिरच्या त्यानं तोडा."

अजून निम्मं वावर लालभडक उभं होतं. चार दिवस राहिलं तर माल झाडावरच सुकून गळणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. सिंधूताई भाकरी तशीच हातात धरून बसल्या होत्या. शालिक माझ्याकडे पाहत नव्हता, दुधाच्या पेल्यात पाहत होता.

खरा आकडा मला पाठ होता. तीन. ‘आठ’ म्हटलं असतं तर खोटी साक्ष होती. ‘तीन’ म्हटलं असतं तर मी त्या माणसाला दुसऱ्यांदा गावातून उठवणार होतो. मी उभा राहिलो.

"बाई, मी साक्ष देऊ शकत नाही," मी म्हणालो. "मी त्याच्या बाजूचा माणूस नाही."

आणि सगळं सांगून टाकलं. फळा, घोटा, कंबर, खांदा, चार महिने, स्वयंपाक्यानं खाल्लेली बोलणी. शेवटी म्हणालो, "मी त्याची माफी मागायला आलोय."

मग येनुबाईनं विचारलं, "रोज लिवत होते? रोज?"

"रोज."

"रविवारीही?"

"रविवारी कॅन्टीन बंद असे."

तिला हसू आवरेना. मग दुसरीला, तिसरीला. "आज काय लिवलं असतं वं?" "मान!" "अन् परवा?" "परवा खाट मोडली होती न, तं बूड!" बाया एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. दहा वर्षांनी, तीनशे कोसांवर, मी तोच फळा पुन्हा उभा केला होता.

शालिक हसला नाही. तो खाटेवरून उतरला, एक टोपलं उचललं आणि मान वाकडी ठेवून मिरचीच्या ओळीत शिरला. मीही एक टोपलं उचलून त्याच्या मागं गेलो. तो तोडू लागला. मी त्याचं पाहून तोडू लागलो.

"माफी कायची जी?" शेवटी तो म्हणाला. "तो फळा मी रोज वाचत होतो. घोटा लिवला तं घोटाच दुखत असे. खांदा तं खांदाच. डॉक्टर म्हणे काही नाही, मॅनेजर म्हणे काही नाही. मले वाटे, इतक्या मोठ्या फॅक्टरीत एक तरी माणूस आपल्याकडे नीट पाहून राहिला."

मी पुढच्या झाडाकडे सरकलो.

"फक्त एका दिवशी तुमी चुकले," तो म्हणाला. "‘डावा गुडघा’ लिवलं. माहा उजवा होता."

"उजवा?"

"उजवा. मी उजव्या पायानं लंगडत गेलो, अन् लोक फळा वाचून बसलेले. मॅनेजर म्हणे, सकाळी डावा, आता उजवा? नाटक करतोस? त्याच दुपारी मले मैदानात उतरवलं. तिसऱ्या ओव्हरले गुडघा गेला तो गेलाच. मंग मी सामान बांधलं."

मी टोपलं खाली ठेवलं. कसं झालं असेल ते मला तिथेच दिसलं. काट्याच्या खिडकीतून मी त्याला समोरून येताना पाहायचो. समोरून येणाऱ्या माणसाचा उजवा पाय आपल्या डाव्या हाताला असतो. उसाच्या गाडीच्या वजनात मी कधी किलोची चूक केली नव्हती, आणि माणसाच्या पायात केली. इतकी वर्षं मी थट्टेबद्दल जळत होतो. थट्टा त्यानं केव्हाच सोडून दिली होती. त्याला लागली होती ती चूक.

डोळे भरून आले म्हणून मी ते पुसले. तोडणीच्या हातांनी.

पुढची पंधरा मिनिटं वर्णन करण्यासारखी नाहीत. मी ओळीत बसून बोंब मारली एवढं आठवतं. सिंधूताईंनी शालिकचं दूध आणून माझ्या डोळ्यांवर ओतलं. "क्लबचं दूध हाय वं ते!" कुणीतरी ओरडलं. "जाऊ दे. आज हाही जखमी खेळाडूच हाय," येनुबाई म्हणाली. "आजचा अवयव, डोळा!"

त्या गोंधळात शालिक उभा राहून म्हणाला, "येनुबाई, आठ नव्हते. तीन गडी काढले होते मी."

"माहीत हाय," ती म्हणाली. "तू आठ सांगतलं तवाच पाच मी कापले होते. पण आयकून ठेव गा शालिक. उद्या पडला तं पड. पण नाटक केलं, तं सोमवारी या वावरात आमच्यातली एकही येणार नाही."

रविवार

मैदान म्हणजे कापणी झालेलं एक मोठं वावर, मध्ये काथ्याची चटई ठोकलेली. बैलगाड्या सोडून लोक त्यांच्यावरच बसलेले. एक भोंगा होता, त्यावर एक शिक्षक बोलत होते आणि मधूनमधून हरवलेल्या मुलांची नावं सांगत होते. तोडणीच्या सगळ्या बाया एका बाजूला बसल्या होत्या, न्यायाधीशांसारख्या.

मी मुद्दाम गोलंदाजाच्या धावेच्या मागं, सरळ रेषेत जागा धरली. तिथून कुणी पाहत नाही, ऊन डोळ्यांवर येतं. पण तिथून त्याचा उजवा तो माझा उजवा.

मान अजून सुटली नव्हती. शालिक पळायला लागला की तोंड उमरेडच्या फलंदाजाकडे नसून पंचाच्या टोपीकडे. चेंडू कुठे येणार हे फलंदाजाला समजेना. पहिल्या ओव्हरमध्ये एक त्रिफळा. दुसऱ्यात एक झेल. बैलगाड्यांवरून टोप्या उडाल्या. "वाह रे माह्या दुधा!" असं कुणीतरी ओरडलं आणि येनुबाईसुद्धा हसली.

तिसऱ्या ओव्हरचा पाचवा चेंडू. तो पळाला, उडी घेतली, आणि खाली येताना मला त्याचा पाय वाकलेला दिसला. तो बसला तो उठेना.

"झालं! घ्या!"

"दोन विकेट झाल्या, पगार फिटला याचा!"

"नाटक करून राहिला! आधी डावा धरला होता, मी पाह्यलं!"

"उजवा धरून बसला आता!"

कालची गोष्ट गावभर झाली होती, त्यामुळे प्रत्येकाला डावा-उजवा तोंडपाठ. कुणी म्हणे डावा, कुणी म्हणे दोन्ही. कोपऱ्यातून एकजण ‘कोणताच नाही’ म्हणाला आणि मोठा हशा झाला. तो हशा मला चांगला ओळखीचा होता.

माझा गुडघा दुखतो हे मी त्या वेळी विसरलो. पळत जाऊन शिक्षकांच्या हातातला भोंग्याचा माइक घेतला.

"उजवा!" मी ओरडलो. आवाज इतका मोठा आला की एक बैल उठून उभा राहिला. "उजवा गुडघा! मी बरोबर मागं बसलो होतो. उजवा पाय टेकला, आत वळला, मी या डोळ्यांनी पाहिलं. उजवाच!"

"तुमचे डोळे तं काल मिरचीनं गेले होते!" कुणीतरी ओरडलं.

"आज आले आहेत!" मी म्हणालो. आणखी काय म्हणणार?

शालिकला त्याच्याच खाटेवर घालून नेलं. जाता जाता त्यानं मान कशीबशी वळवून माझ्याकडे पाहिलं. भिवापूर अकरा धावांनी हरलं. येनुबाईचा कप्तान मुलगा संध्याकाळी आमच्याशी बोललाच नाही. बायाही सोमवारचं काही न सांगता उठून गेल्या.

सोमवार

माझी गाडी दुपारची होती. सकाळी मी पिशवी भरून निंबाखाली बसलो. शालिक खाटेवर, गुडघ्याला हळद आणि तेलाचं फडकं. सिंधूताई एकट्याच ओळीत वाकलेल्या. दव वाळलं, ऊन वर आलं, तरी कुणी आलं नाही. लाल वावर तसंच्या तसं उभं होतं. मी शालिककडे पाहायचं टाळत होतो आणि तो माझ्याकडे.

मग रस्त्यावर बाया दिसल्या, दुसऱ्या वावराकडे निघालेल्या. त्या सरळ जाणार असं वाटत असताना येनुबाई एकटी बांधावर चढली. खाटेपाशी आली, फडकं सोडलं आणि उजव्या गुडघ्यावर अंगठा दाबला.

शालिक असा ओरडला की निंबावरचे पोपट उडाले.

तिनं डावा गुडघा दाबला. तो गप्प. दोन्ही हातांनी दोन्ही गुडघे धरून तिनं सूज पाहिली, अगदी निवांत, बाजारात भोपळे पारखावेत तशी. मग पदर खोचला आणि रस्त्याकडे तोंड करून हाक दिली.

"उजवाच हाय वं! या!"

बाया बांध उतरून ओळींत पांगल्या. येनुबाईनं जाता जाता एक रिकामं टोपलं माझ्या पुढ्यात टाकलं. "गाडी दुपारची हाय न तुमची?"

मी ओळीत शिरलो. दहा झाडंही झाली नसतील, तोच खाटेवरून शालिकचा आवाज आला, चांगला करडा, एखाद्या मुकादमासारखा.

"कदमसाहेब! ओढून काहून तोडून राहिले? फांदी मोडते न ती! देठाले धरा, देठाले!"

"बरं!" मी म्हणालो आणि देठाला धरलं.